डोळे आणणारा

"डोळे आणायला ह्यालाच पाठवा. ह्याच्या आळीत कापाकापी रोजचीच."

विभागप्रमुख सर सगळ्यांसमोर म्हणाले. नेत्रविभागात आम्ही रेसिडेंट नवेच होतो. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. वर म्हणालो, "सर, ओळखीनं ताजे मिळतील."

कसली ओळख! आळी खाटकांची खरी, पण बाप नागापूरच्या कारखान्यात लेथवर. मटणाचं दुकान मी लांबूनच पाहिलेलं. पहिल्याच फेरीत बोकडाचं मुंडकं बघून मला चक्कर आली. दुकानदार चाचांनी पाणी पाजलं. म्हणाले, "डाक्टर हाय का पेशंट?"

दर बुधवारी बोकडाच्या डोळ्यांवर टाके घालायचा सराव. मी थर्मासात बर्फ घालून डोळे आणेपर्यंत मायक्रोस्कोपपुढच्या खुर्च्या भरलेल्या. शेवटी उरायचा तो कुणीतरी चिरलेला डोळा माझा. एकदा अख्खा मिळाला. घाईत थर्माकोलवर टाचण्यांनी पक्का न करताच सुई घातली. डोळा निसटला तो घरंगळत थेट सरांच्या बुटाशी. ही गोष्ट होस्टेलभर मीच रंगवून सांगितली. दुसरा हसायच्या आत आपण हसून घ्यायचं, ही माझी हुशारी.

तिसरं वर्ष लागलं. सोबतचे मोतीबिंदू काढायला लागले. मी शिबिरातून पेशंट आणायचो, डोळ्यांत थेंब घालायचो.

शेवगावकडची एक म्हातारी टेबलावर होती. डोळा बधिर केलेला, तोंडावर हिरवं कापड. माझा आवाज ओळखून म्हणाली, "लेकरा, तूच करनार व्हय आपरेशन?"

सर म्हणाले, "तो? तो फक्त डोळे आणतो."

कापडाखालून घाबरा आवाज आला, "कुनाचे?"

सगळं थिएटर हसलं. म्हातारीनं पाय आखडून घेतले. मी ते धरले. "बोकडाचे, मावशी. शिकायला."

"मंग शिकला का न्हाई?"

एरवी मी ह्यावरही विनोद केला असता. तेव्हा नुसती तिच्या पायांवर चादर ओढली. उद्या परीक्षा होईल, पदवी मिळेल, दारावर पाटी लागेल. आणि अशाच कुणाच्या तरी डोळ्यात मी हे न शिकलेले हात घालणार. हसत.

पुढच्या बुधवारी रिकामा थर्मास माझ्यापुढे आला. मी तो उचलून सरांच्या टेबलावर ठेवला.

"सर, डोळे आणायला पाळ्या लावा. आज मी सरावाला बसतोय. आणि पुढच्या शिबिरात मला केस पाहिजे."

"नाही दिली तर?"

"रोज मागेन. सगळ्यांसमोर."

"परवापर्यंत तर हसत होतास."

"व्हय सर. हसत हुतो."

मी खुर्चीत जाऊन बसलो. मायक्रोस्कोपखाली नुसता थर्माकोल. आणायलाच कुणी गेलं नव्हतं, डोळा येणार कुठून? माझी फजिती अशी की बंड केलं आणि हातात काम नाही. मागे कुणीतरी खुसखुसलं.

उठलो नाही. नापास करा, नाव काढून टाका. हात शिकल्याशिवाय मी ही खुर्ची सोडणार नाही.