साहेबांनी म्हणे माझ्या वयाचा मान राखला

मंडळी, आज दुपारी पिंपरीतल्या कंपन्यांच्या टेनिस स्पर्धेचं बक्षीस वाटप झालं. तिथं जे ऐकलं ते पोटात राहत नाही, म्हणून कँटीनच्या फळ्यावर लिहून लावतोय.

मी टूलरूममधला टर्नर, वय बावन्न. यंदा चार मॅच जिंकून फायनलला पोचलो. ऑफिसर क्लबच्या कोर्टवर कामगार फायनल खेळतोय, हे काही जणांना पचलंच नाही. फायनल आज सकाळी हरलो, थेरगावच्या सलीमकडून. सव्वीस वर्षांचा गडी, शेजारच्या कंपनीत फिटर. पण तीन सेट पळवलं मी त्याला.

मग क्लबचे सेक्रेटरी साहेब माइकवर आले. म्हणाले, "आपल्या काकांच्या वयाचा सगळ्यांनी मान राखला, म्हणून ते इथवर आले."

हेच साहेब क्वार्टर फायनलला माझ्याकडून सहा-एक, सहा-दोन हरलेत! तेव्हा बूट चावत होते म्हणे. आज तोच पराभव त्यांनी संस्कार म्हणून खपवला.

मी उठणार, तेवढ्यात सलीमनं कप टेबलावर ठेवला आणि माइक मागून घेतला. "साहेब, मी काकांना एकही पॉइंट सोडला नाही. सोडला असता, तर हा कप त्यांच्याकडं असता."

मागच्या रांगेतून शिट्ट्या सुरू झाल्या. साहेब चष्मा पुसत बसले.

हरलं की हात मिळवायचा आणि घरी जायचं, राव. एवढी साधी गोष्ट कळायला माणसानं आणखी किती शिकायचं, सांगाल का कुणी?