दर्याचा नारळ

समुद्राला वाहायचा नारळ जोतीरामने भर बेटावर फोडून खाल्ला.

तो रजा संपवून पलटणीत निघाला तेव्हा साळूकाकीने नारळ त्याच्या वळकटीत बांधला होता. "पयल्यांदा नावंत बसशील तवा दर्याला दे, म्हंजी सुखरूप परत येशील." पुढं त्रेचाळीस साली मद्रासकडे साहेबाने शिपायांना लाँचमधून एका दिवसात बेट दाखवायचं ठरवलं, बरोबर गाईडही दिला. जोतीरामने नारळ बरोबर घेतला, पण जाताना गप्पांच्या नादात तो दर्याला द्यायचा विसरला. बेटावर गाईड झाडाझाडापाशी थांबून मोडक्या हिंदीत सांगू लागला, "ये नारियल है." जणू वाईकडच्या गड्यांनी नारळ जन्मात पाहिला नव्हता! शिवाय झाडाला हात लावायची मनाई. डोक्यावर हजार नारळ आणि पोटात कावळे, म्हणून जोतीरामने काकीचाच नारळ दगडावर आपटला.

परतताना दर्या खवळला. काकीचे शब्द आठवून जोतीराम पांढराफटक पडला. लाँच आडवी हलली आणि खाल्लेलं सगळं खोबरं त्याच्या तोंडातून थेट समुद्रात गेलं. मग लाटा निवल्या, असं तो अजून शपथेवर सांगतो.

लढाई संपली, तो घरी आला. अंगणात दाढीला बसला असताना काकीने विचारलं, "जोत्या, दर्याला नारळ दिलास न्हवं?"

"दिला की, काकी. बारीक करून दिला."

"आन करवंटी रं?"

जोतीरामने साबणाची वाटी हळूच पाठीमागं सरकवली. "तेवढी ऱ्हायली."

ती अजून राहिलीच आहे. रोज सकाळी तिच्यात फेस मात्र समुद्रासारखा येतो.