चिपवाल्या चाचांची वही

चाचा कुणालाही मागितलेलं गाणं पहिल्या झटक्यात देत नसत. मालेगावच्या एस.टी. स्टँडसमोर त्यांचं टपरीवजा दुकान होतं. मालेगाव म्हणजे आमच्या वाशीम जिल्ह्यातलं, नाशिककडचं नव्हे. मोबाइलच्या मेमरी कार्डात, म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे चिप म्हणत त्यात, गाणी भरून देणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक म्हणे, नव्या पिक्चरची गाणी टाका. चाचा चष्मा कपाळावर ढकलत आणि विचारत, "नाव काय? बापाचं नाव? गाव कोनतं? घरी कोन कोन हाये?" एखादा वैतागून म्हणायचाच, "चाचा, गानी भरून राह्यले का सोयरीक जमवून राह्यले?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "गानं मानूस पाहून द्या लागते बाबू. दवाई देल्यासारखं."

मिळालेली माहिती ते एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवत. एका माणसाला एक पान. वर पूर्ण नाव, गाव, मोबाइल नंबर आणि खाली गिचमिड अक्षरात त्या माणसाच्या मनाची हालहवाल. रिसोडचा एक सोयाबीनचा व्यापारी यायचा, त्याच्या पानावर होतं, 'पोरीचं लगन झालं. बिदाईचं गानं देऊ नये.' एका जीपवाल्याच्या पानावर, 'गाडीवर डुलक्या घेते. ढोलकीची द्यावी.' पुढच्या खेपेला माणूस आला की चाचा त्याचं पान काढत, बोट फिरवत आणि एक अक्षर न विचारता चिप भरून हातात ठेवत. आपल्याला कुणीतरी लक्षात ठेवलंय याचा माणसाला किती आनंद होतो, हे मी त्या दुकानात बसून पाहिलं आहे.

मी तेव्हा डी.एड. करून शिक्षक भरतीची परीक्षा देत होतो. खोली स्टँडच्या मागेच. माझ्या पानावर चाचांनी लिहिलं, 'परीक्षा हाये. शब्दावालं गानं बंद. नुसती बासरी.' मी भांडलो. म्हटलं, "चाचा, मले जे पायजे ते द्या ना." ते शांतपणे म्हणाले, "पास हो, मंग देतो. तोवर शब्द पुस्तकातले." वर्षभर मी बासरी ऐकली. अजूनही कुठे बासरी वाजली की मला काळ-काम-वेगाची गणितं आठवतात. पण पास झालो. यादीत नाव लागलं त्या दिवशी चाचांनी माझी चिप इतकी ठासून भरली की फोनच बंद पडला.

खोटं कशाला बोलू, त्यांच्या कॉम्प्युटरमधली सिनेमाची गाणी चोरीचीच होती. सगळ्या तालुक्यात चिपा तशाच भरल्या जात. पण उरुसातली कव्वाली, खेड्यांतल्या मंडळांची भजनं चाचा स्वतः जाऊन रेकॉर्ड करत आणि ती मात्र गाणाऱ्याला विचारल्याशिवाय कुणाला देत नसत. "त्याचा गया हाये, त्याले पुसा लागते," म्हणत. गया म्हणजे गळा. मी एकदा त्यांना कोपऱ्यात पकडलं. मग सिनेमावाल्यांना काहून नाही पुसत? त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. मग म्हणाले, "त्यांचं गाव कोनतं, तेच मालूम नाही ना." मी हसलो होतो. गाण्यांच्या कंपन्यांना मात्र चाचांचं गाव माहीत होतं.

एका दुपारी पांढऱ्या शर्टाचा एक माणूस दुकानात आला आणि नव्या सिनेमाची गाणी मागू लागला. मी तिथेच बसलो होतो. चाचांनी नाव विचारलं, गाव विचारलं. त्याने अडखळत काहीतरी सांगितलं. चाचांनी ते नीट लिहून घेतलं आणि खाली शेरा मारला, 'मानूस घाबरेल हाये. शांत गानी द्यावी.' माझ्या बसची वेळ झाली म्हणून मी उठलो. पुढचं मागाहून कळलं. अर्ध्या तासाने तोच माणूस बाहेरून आलेलं पोलीस पथक घेऊन परत आला. तो गाण्याच्या कंपनीसाठी धाडी घालणारा होता. कॉम्प्युटर आणि डबाभर चिपा पोत्यात गेल्या. पंचनामा लिहिताना त्याच्या हाती ती वही लागली. कुणाला कोणती गाणी दिली हे नाव-गाव-नंबरासकट चाचांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं होतं. कॉपीराइटच्या केसला याहून चांगला पुरावा त्याला जन्मात मिळाला नसता.

दुसऱ्या दिवसापासून वहीतल्या नंबरांवर ठाण्यातून फोन सुरू झाले. जबाब द्यायला या. मलाही आला. माझी ऑर्डर निघायची होती आणि चारित्र्य पडताळणी बाकी होती. ठाण्यातून माझ्याविरुद्ध एक ओळ गेली असती तर नोकरी गेली असती. मी गेलो तेव्हा व्हरांड्यात पंधरा-वीस जण उभे होते, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. चाचा आत बाकावर बसले होते. दार उघडंच होतं. एक शिपाई वहीतलं एकेक पान मोठ्याने वाचत होता आणि ज्याचं पान त्याला आत बोलावत होता.

जऊळक्याच्या एका अंगणवाडीताईंची पाळी आली. सोबत त्यांचा दीर होता. शिपायाने वाचलं, "नवरा वारला. रात्री झोप नाही. हळू आवाजाची गानी द्यावी, एकटी ऐकते." व्हरांड्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. ताईंनी पदर तोंडाशी धरला. दीर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "रातची एकटी कोनती गानी आयकतं व तू?" मी चाचांकडे पाहिलं. पोलिसांनी दुकान उचललं तेव्हाही ते रडले नव्हते म्हणतात. त्या क्षणी त्यांनी बाहीने डोळे पुसले.

ते उठून उभे राहिले. "सायेब, ते वही खोटी हाये. सारे नावं म्या मनानं लिहेल हायेत. मायाकडे कोनी येत नाही."

"आणि हे नंबर लागतात कसे?" टेबलामागच्या साहेबाने विचारलं.

"लागले असतीन. बुढा मानूस हावो, मनात येईन ते लिहितो."

साहेब तसा वाईट नव्हता. त्याने समजावलं की या लोकांनी गाणी नेली एवढं लिहून सही करा, ते साक्षीदार होतील, तुमचंही काहीतरी हलकं करता येईल. नाहीतर सगळं तुमच्या एकट्यावर येईल. चाचांनी सही केली नाही. "येऊ द्या मंग," एवढंच म्हणाले.

नंतर माझं पान निघालं. साहेबाने चाचांकडे बोट करून विचारलं, "याला ओळखता?"

मी म्हणालो, "नाही. त्या दुकानात मी कधी गेलो नाही."

चाचा माझ्याकडेच बघत होते. पोराने तोंडी परीक्षेत बरोबर उत्तर दिलं की गुरुजी मान हलवतात, तशी त्यांनी हलकेच मान हलवली. त्या मानेच्या आधारावर मी बरीच वर्षं काढली. मी त्यांच्याच म्हणण्याला दुजोरा दिला, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. पण ते सगळ्यांसाठी खोटं बोलले आणि मी माझ्या नोकरीसाठी. माझ्या पडताळणीच्या कागदावर 'आक्षेपार्ह काही आढळले नाही' असा शेरा आला. आजवर माझ्याबद्दल लिहिलं गेलेलं ते सगळ्यात मोठं खोटं आहे.

दुकान पुन्हा उघडलं नाही. चाचा तारखांना जात राहिले. जऊळक्याच्या ताईंचा फोन दिराने काढून घेतला, असं कानावर आलं. आता चिपा गेल्या, गाणी फोनवर आपोआप येतात आणि मला काय आवडतं हे फोनच मला सांगतो. तो चाचांपेक्षा कितीतरी जास्त लिहून घेतो. कुठे लिहितो आणि ती पानं कोण उलटतं, ते कुणालाच माहीत नाही. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत कधी नव्या कायद्यांचा विषय निघतो. कुणाच्या ग्रुपला नोटीस आली, कुणाचे फोन ऐकले जातात, असं बोलणं होतं. मग एखादे गुरुजी डबा उघडत म्हणतात, "आपन काही चोरी नाही केली, आपल्याले कायचं भेव?" त्या ताईंनी काय चोरी केली होती, हे मला त्या गुरुजींना विचारावंसं वाटतं आणि धीर होत नाही.

लग्नानंतर बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधी जाऊन माफी मागा, मीही येते. आम्ही गेलो तेव्हा चाचा घरापुढे बाजेवर बसले होते, फार वाळलेले. मी त्यांचे हात धरले. "चाचा, ठाण्यात मी तुमाले वळखत नाही म्हनलो."

"चूप. तुयं नाही चुकलं. म्या लिहिलं, ते चुकलं. मानसाचं दुख कागदावर ठेवाचं नसते."

सून चहा घेऊन आली. बायको त्यांच्यापुढे वाकली आणि म्हणाली, "चाचा, मी यांची बायको. माझं नाव..."

चाचांनी घाईघाईने हात वर केला. "नको बेटी. नाव नको सांगू. गावही नको सांगू."

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"मले मालूमच नसलं, तर कोनी पुसलं तरी काय सांगीन मी?" असं म्हणत त्यांनी आपल्या हाताने कपबशी तिच्याकडे सरकवली.

आम्ही तासभर बसलो. त्यांनी आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. केसचा निकाल लागायच्या आधीच चाचा गेले. माझ्या बायकोचं नाव त्यांना कळलं नाही ते नाहीच.