नालबंदाच्या वहीतला पुढचा महिना

पागावाली बाई,

तुझ्या त्या स्वतःची पुस्तकं स्वतःच छापणाऱ्या मंडळींनी माझ्याकडे तुझ्यावर लेख मागितलाय. आधी चार जणांना विचारून झालं, मग माझी आठवण झाली, हे मला कळत नाही असं त्यांना वाटतं. मला लेख येत नाही. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे काहीही लिहायला घेतलं की त्याची प्रश्नपत्रिका होते. म्हणून तुझ्याशीच बोलते. तुला ठाऊक असलेलं पुन्हा सांगितलं तर चिडू नकोस, ते वाचणाऱ्यांसाठी आहे.

एकवीस वर्षं तू माझ्या खालच्या मजल्यावर राहिलीस आणि सात ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्यास. सातही कादंबऱ्यांत राजापेक्षा त्याच्या घोड्याची चौकशी जास्त, म्हणून मी तुला पागावाली म्हणायला लागले. वर्षभरात पोस्टमनसुद्धा तेच म्हणायला लागला.

तुझी लिहिण्याची रीत पाहिली तेव्हा मला हसू आवरेना. टेबलासमोर भिंतीवर कागदाची लांब पट्टी. तिच्यावर कादंबरीतल्या प्रत्येक जनावराचं नाव, वय, खोड, आणि पुढे प्रत्येक प्रकरणाची चौकट. दाणा मिळाला का, पाणी मिळालं का, रात्री कुठे बांधलं, हे भरल्याशिवाय प्रकरण संपायचं नाही. त्यापायी तुझ्या चौथ्या कादंबरीत किल्ला पडल्याची बातमी घेऊन स्वार येतो आणि आधी अर्धं पान घोडा फिरवून थंड करत बसतो. दरबार ताटकळलेला. मी म्हटलं, “अगं, तिकडे किल्ला पडलाय.”

“किल्ल्याला आता पाणी पाजून उपयोग नाही,” तू म्हणालीस. “घोड्याला आहे.”

सात कादंबऱ्यांत अकरा लढाया. माणसं हजारांनी मेली, जनावर एकही नाही. पाचव्या कादंबरीनंतरच एका वर्तमानपत्रातल्या शहाण्याने हे मोजून छापलं, आणि तुझ्या प्रकाशकाने पुढच्या हस्तलिखितात निदान दोन-चार घोडे पाडा असं सुचवलं. तू हस्तलिखित पिशवीत घातलंस, घरी आलीस आणि पुस्तक स्वतः छापलंस. तेव्हापासून तू या मंडळींची झालीस. दर शनिवारी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात टेबल मांडायचं, त्यांची पुस्तकं लावायची, आणि प्रत्येकाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायचं. हे शेवटचं काम त्यांच्या घरच्यांनीही केलं नसेल. निवृत्त कारकुनाची नऊशे पानी समुद्रकथा तू पेन्सिल घेऊन दोनदा वाचलीस. मंडळी तुझ्या सकाळी खाऊन जायची. कौतुक करून घ्यायची, दुरुस्त्या करून घ्यायची, आणि नाव झालं की फिरकायची नाहीत. (मंडळींनो, हे वाक्य कापू नका.) मी म्हणायचे, दुसऱ्यांची बाळंतपणं करता करता तुझं अडलंय. तू हसून चहा टाकायचीस.

घरी मात्र तुझ्या दारात चपलांचा एकच जोड असायचा. मला जिन्यातून तुझा आवाज ऐकू यायचा, वाटायचं कोणी तरी आलंय. बरं वाटायचं. मग एकदा दार उघडं होतं म्हणून डोकावले, तर तू वजिराला, म्हणजे तुझ्या आंधळ्या कुत्र्याला, प्रकरण वाचून दाखवत होतीस. कंटाळवाण्या जागी तो उठून जातो, एवढ्यासाठी. परदेशातला भाऊ वर्षातून एकदा फोन करायचा, तोही वजीर कसा आहे विचारायचा, कारण दुसरं काय विचारायचं त्याला सुचत नसे. लग्न तू केलं नाहीस. का, ते मी एकवीस वर्षांत विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आठवी कादंबरी माघार घेणाऱ्या फौजेतल्या एका नालबंदाची, जनावरांना नाल ठोकणाऱ्याची. त्या फौजेचे जुने कागद मीच तुला आणून दिले, आणि तिथेच चूक झाली. नदी ओलांडायच्या आधी फौजेने आपलीच दोनशे चाळीस खेचरं मारली, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. कागदावर तसं स्वच्छ लिहिलंय. एकोणिसाव्या प्रकरणाशी तू येऊन थांबलीस ती दोन वर्षं. मध्येच डॉक्टरने हृदयाचं सांगितलं. तेव्हा तू पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलंस: हे एवढं पुरं करून जायचंय.

मी वैतागले. “मार ना एकदाची. कागदावर तर मारायचीत.”

“कागदावरच उरलीत गं ती,” तू म्हणालीस.

मग एका दुपारी तू जिना चढून वर आलीस. प्रत्येक वळणावर थांबत आलीस, ते मला ऐकू येत होतं. हातात चिठ्ठी. खुर्चीवर बसून दम खाल्लास आणि हिशेब मांडावा तसं सांगितलंस: नालबंद नदीपार पोचला, हे नक्की. तो वही ठेवायचा, कुठल्या जनावराला कधी नाल ठोकले ते. प्रत्येक खेचराच्या खुरावर आकडा डागलेला असायचा. पुढच्या महिन्याच्या पानावर त्या आकड्यांपैकी एक जरी सापडला, तर एक तरी पार झालं.

“एक दे मला,” तू म्हणालीस. “मग बाकीची मारीन मी.”

वहीचा गठ्ठा दफ्तरखान्यात होता, आणि तिथला पास होता फक्त माझ्याकडे. मी म्हटलं, सोमवारी जाते.

सोमवारी गुडघा धरला. ते खरं होतं. पुढच्या सोमवारी दफ्तरखान्यात रंगकाम निघालं. तेही खरं होतं, पण आठवडाभरच. त्यानंतर मी थापा मारल्या. कारण तीस वर्षं मी असले गठ्ठे उघडलेत, बाई. त्यात पुढचा महिना नसतो. वाळवीने खाल्लेला असतो, नाहीतर पान कोरं असतं. ते कोरं पान तुझ्यापुढे आणून ठेवायचा धीर मला नव्हता. आणि पाहिलंच नाही तर पान कोरं नाही, असा अडाणी विचार मी, एम.ए. झालेल्या बाईने, अडीच महिने केला.

एकदा तू भाजी निवडता निवडता विचारलंस, “कुठला रंग लावतायत गं एवढा वेळ?”

“पिवळा,” मी म्हणाले.

तू मान हलवलीस. त्यानंतर पुन्हा विचारलं नाहीस. ओरडली असतीस तर मी दुसऱ्या दिवशी गेले असते.

मग एका सकाळी वजीर भुंकत राहिला तेव्हा मी खाली आले. तू खुर्चीतच होतीस. अठरा प्रकरणं व्यवस्थित दोऱ्याने बांधलेली, एकोणिसाव्याच्या डोक्यावर नुसता आकडा.

आता तुझी मंडळी म्हणतात, अपुरीच छापू. शेवटी टिपण म्हणून नदीकाठी काय झालं ते मी चार ओळींत लिहावं. मी थांबा म्हटलंय. का, ते सांगितलेलं नाही. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे, तुझ्या अक्षरात गठ्ठ्याचा नंबर. दफ्तरखाना सोमवारी दहाला उघडतो. गुडघा बरा आहे. तू गेल्यापासून अकरा सोमवार झाले, आणि मी अजून गेलेले नाही.