अंगठ्याएवढं बेट

दुबईच्या शिक्षण मेळ्यात एक गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. अंगात जबल अली बंदरातल्या गोदामाचा युनिफॉर्म, पलीकडे मेडिकल प्रवेशाचा फॉर्म भरणारी त्यांची मुलगी. कॉलेज एका कॅरिबियन बेटावर होतं. नकाशावर त्यांनी अंगठा ठेवला की अख्खा देश झाकला जायचा.

"वीस वर्षं कंटेनर उतरवतोय, या देशाचा एकही पाहिला नाही," ते मला म्हणाले. मग त्यांनी टायवाल्या समुपदेशकाला विचारलं, "तिथली मुलं शिकायला कुठे जातात?"

"परदेशात, अंकल. बहुतेक सगळीच," तो अभिमानाने म्हणाला.

"मग ही तिथे कशाला?"

"बाबा, प्लीज!" मुलीचे डोळे भरले.

त्यांनी अंगठा उचलला आणि सहीसाठी माझं पेन मागितलं. मी दिलं. द्यायला हवं होतं का, ते अजून कळलेलं नाही.