कूलरच्या लाटा

झाडाचं पान हललं की आमच्या शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन विचारायच्या, “वारा सुटला काय वं?” समुद्रापासून इतक्या लांब, मध्य प्रदेशातल्या बालाघाटात वारा सुटून सुटून काय होणार? फार तर वाळत घातलेले पापड उडतील. पण त्यांचा एकुलता एक पोरगा मालवाहू जहाजावर होता, आणि काकूंच्या हिशेबी जगातला सगळा वारा एकच होता.

समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मागच्या सुट्टीत पोरगा नुसता कुशी बदलत राहायचा. “आई, लाटांची आदत झाली. अथी घरी नींदच नाही येत,” म्हणाला. कंपनीचा फोन आला तसा सुट्टी अर्धी टाकून चक्क खुशीत निघून गेला. ते काकूंच्या फार जिवाला लागलं.

“त्याले झोप लागली तर थांबन ना तो?” त्या मला विचारायच्या.

मग परसात वैनगंगेच्या वाळूची ट्रॉली आली. ट्रॉलीवाल्याने विचारलं, “अम्मा, यहाँ क्या बन रहा है?”

“समुंदर,” काकू म्हणाल्या. तो बिचारा घाईने वाळू ओतून गेला.

भिंतीला निळा रंग दिला. कडेने केळी, कर्दळ आणि नारळाची रोपं लावली. नारळाला मीठ मानवतं असं कुणी तरी सांगितलं, तर बाईंनी खडेमिठाचं पोतंच रिकामं केलं. केळीची पानं जळाली ती जळालीच, पाण्याबरोबर ते मीठ कुंपणाखालून माझ्या वाफ्यात उतरलं आणि माझी हिरवीगार मेथी करपली. मी तणतणत गेले.

“काकू, काहून असं करता? मेथी गेली ना माझी.”

“मेथीचं काय घेऊन बसली वं? कितीक दिस झाले, त्याचा फोन नाही.”

माझा राग तिथेच गळाला. खोल समुद्रात फोन लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असून आईच्या जिवाला काय फरक पडतो?

शेवटी त्यांनी घरातला कूलर परसात काढला. चालू करून म्हणाल्या, “ऐक. लाटेसारखं वाटते काय?”

मी तरी लाट कुठे ऐकली होती! “हौ,” म्हटलं.

पुढच्या सुट्टीत पोरगा आला. परस बघून पोट धरून हसला. दुपारी जेवून वाळूतल्या खाटेवर पडला, आणि कूलरच्या घरघरीत खरंच गाढ झोपला.

मी वाटीभर भाजी घेऊन गेले तर काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. त्या खाटेजवळ वाळूतच बसल्या होत्या.

“त्याच्या मोबाइलवर कंपनीचा फोन येऊन राह्यला,” त्या कुजबुजल्या.

“मग उठवा ना त्याला.”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात त्यांच्या पायाजवळची वाळू घूं घूं करू लागली. पोराने कूस बदलली. काकूंनी भराभर आणखी वाळू ओढून त्या जागेवर टाकली, आणि माझ्याकडे न बघता दोन्ही हात तिथेच दाबून धरले.