वाडगे पिकवणाऱ्या तोकिएकाकू

आमच्या कुंभारकामाच्या भट्टीच्या मागच्या गल्लीत हिरोनाका तोकिए नावाच्या बाई राहतात. सगळी गल्ली त्यांना तोकिएकाकू म्हणते. अडतीस वर्षं त्या आमच्या हागी गावच्या बंदरावरच्या एका कारखान्यात माशाच्या वड्या वाफवायच्या कामावर होत्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात टाकलं आणि जाहीर केलं, की यापुढे मला कुणी किती वाजले ते सांगू नका. चहाचे विधी, जुने वाडगे, कला, यांच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

तो आला एका तक्रारीमुळे.

आमच्याकडची माती भुसभुशीत. भाजून, झिलई देऊन झाली तरी तिच्यावर केसासारख्या भेगांचं जाळं उरतं, आणि नवा वाडगा पाझरतो. पीत राहिलं की चहाच त्या भेगा बुजवतो, आणि पांढुरका वाडगा हळूहळू गुलाबीसर, मग पिकल्या जर्दाळूसारखा होत जातो. त्या रंगासाठी शौकीन लोक जीव टाकतात. पण ओसाकाच्या एका दंतवैद्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आमच्या ह्यांचा वाडगा परत पाठवला, सोबत चिठ्ठी: "गळतो. टेबलावरचं कापड खराब झालं."

ह्यांनी चिठ्ठी वाचली आणि दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. आमच्या घरात याला शिवीगाळ म्हणतात.

त्याच संध्याकाळी काकू संत्री द्यायला आल्या. मी त्यांना हकिगत सांगितली.

"गळतो म्हणून परत?" काकू म्हणाल्या. "मग आमचे हे, नाक गळतं म्हणून, मी दर हिवाळ्यात परत पाठवायला हवेत."

"तुम्हाला हवा का? नाहीतर हे फोडून टाकतील."

"दे. सुमो बघताना हातात काहीतरी लागतंच."

आणि काकूंनी तो वाडगा नेला. पुढची दोन वर्षं त्या शेगडीच्या टेबलाखाली पाय घालून, गोधडी कमरेपर्यंत ओढून, टीव्हीवर कुस्त्या बघत त्यातून चहा प्यायल्या. विधीबिधी काही नाही. चहाची पूड टाकायची, गरम पाणी ओतायचं, बांबूच्या रवीने अंडं फेटल्यासारखं फेटायचं, तीन घोटांत संपवायचं आणि "हं" म्हणायचं. एके दिवशी त्याच वाडग्यातून त्यांनी आम्हाला मुळ्याचं लोणचं पाठवलं. ह्यांनी लोणचं काढून ताटलीत ठेवलं, वाडगा धुतला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. तसा रंग त्यांच्या वडिलांच्या वाडग्यांनाही तीस वर्षांत आला नव्हता.

मग तो कुनिहिरोबाईंनी पाहिला. कुनिहिरोबाई म्हणजे आमच्या गावच्या चहाच्या विधीच्या शिक्षिका. वय चौऱ्याहत्तर, पाठ फळीसारखी, आणि नुसतं गप्प बसून समोरच्याला हातरुमालाची घडी पुन्हा घालायला लावण्याची ताकद.

"हा कोणी वापरला?" त्यांनी विचारलं.

"मागच्या गल्लीतल्या हिरोनाकांनी."

"कोणत्या परंपरेतल्या?"

"माशाच्या वड्यांच्या," हे म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी आपला एक नवा वाडगा काकूंकडे पाठवला. पाठोपाठ हिरोशिमाच्या एका संग्राहकाचा आला, मग त्याच्या मेव्हण्याचा. आठ वर्षांत अशी वेळ आली की काकूंच्या ओट्यावर कायम सहा-सात वाडगे उपडे घातलेले, प्रत्येकाखाली मालकाच्या नावाची चिठ्ठी, आणि काकू पाळीपाळीने सगळ्यांतून पिताहेत. कुणाला घाई झाली की त्या म्हणायच्या, "फळ का पिळून पिकतं?" लोक म्हणायचे काकूंच्या हाताला गुण आहे. काकू म्हणायच्या, हाताला नाही, बसण्याला गुण आहे, मला तासन्‌तास बसता येतं.

गेल्या वर्षाच्या आधीच्या पानगळीत त्या वार्षिक तपासणीला गेल्या, सोबत मी. रक्तात लोह कमी निघालं. झोप तर कधीचीच गेली होती.

"चहा किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सात वाडगे."

"आठवड्याला?"

"आठवड्याला कशाला? दिवसाला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाहेर आल्यावर काकू मला म्हणाल्या, "वर्षभर बंद. एक थेंबही नाही. इतका तरुण डॉक्टर आणि इतका कोत्या मनाचा."

त्यांनी सगळे वाडगे मालकांना परत केले, एक सोडून. तो कुनिहिरोबाईंचा होता. पुढच्या पानगळीत बाईंच्या घरी मोठी चहाची बैठक होती, यामागुचीहून वडीलधारी मंडळी यायची होती, आणि हाच वाडगा पुढे मांडणार असं बाईंनी सगळ्यांना कळवून टाकलं होतं. शब्द दिलेला. मग काकूंची नजर नवऱ्याकडे वळली.

इसोजीकाका पस्तीस वर्षं डोंगरातली बस चालवत होते. स्वभावाने गरीब, पण जिभेला हट्टी.

"मला ते उकळलेलं गवत नको," ते म्हणाले.

"तुम्हाला हवंय का असं मी विचारलंय का? दिवसातून दोनदा प्यायचं."

"तू समोर बसणार?"

"मी कशी बसू? वास आला की मला तल्लफ येईल. मी त्या वेळी धक्क्यापर्यंत फिरून येईन."

त्याप्रमाणे वर्षभर काकू रोज दहाला आणि तीनला घराबाहेर पडत, आणि परत येत तेव्हा वाडगा धुऊन उपडा घातलेला असे. चहाचा डबाही वेळेवर रिकामा होई. काकूंनी सगळ्या गल्लीत नवऱ्याची तारीफ केली.

आणि वाडगा काय पिकला होता. तळाशी जळक्या साखरेसारखा सोनेरी तपकिरी, काठाकडे फिकट होत गेलेला, भेगाभेगांत काळसर रेघा. वाडगा आमच्याच भट्टीतला, तरी ह्यांनी तीनदा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे मी केलेलं नाही." कुनिहिरोबाईंनी त्याचं नाव ठेवलं, 'शरदातला डोंगर', आणि लाकडी पेटीच्या झाकणावर ते शाईने लिहून घेतलं. इसोजीकाकांना हे कळल्यावर ते सार्वजनिक अंघोळीच्या हौदापाशी चार लोकांना सांगू लागले, "घाई करून चालत नाही. मन स्वच्छ ठेवून प्यावं लागतं."

बैठकीला काकूंना खास बोलावणं आलं. आम्हा दोघांनाही. काकू बहिणीचा किमोनो नेसल्या आणि शेवटच्या जागी बसल्या. मुख्य पाहुणे होते यामागुचीचे सुएओका, ऐंशीच्या घरातले, डोळे अर्धवट मिटलेले. काकांना गुडघे दुमडून बसता येत नाही म्हणून ते घरीच राहिले. माझ्या मते कारण फक्त गुडघ्यांचं नव्हतं.

खोलीत किटलीच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. कुनिहिरोबाईंनी वाडगा पुढे घेतला, पळीने गरम पाणी काढलं आणि वाडगा ऊन करायला त्यात ओतलं.

आणि त्यातून कॉफीचा वास आला.

थोडाथोडका नाही. बसस्थानकावरच्या उपाहारगृहाचं दार उघडावं तसा. चटईवरून तो सरकत सरकत प्रत्येक पाहुण्यापर्यंत गेला. बाईंचा हात निमिषभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. ते पाणी ओतून टाकलं, वाडगा पुसला, चहा घुसळला, सुएओकांपुढे ठेवला. सुएओकांनी रिवाजाप्रमाणे वाडगा फिरवला, प्यायले, आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, "उत्तम चव आहे." मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. काकांच्या कॉफीचा तो वास चाळीस वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात होता.

मग वाडग्याची चौकशी करायची वेळ आली.

"वाडगा कुठला?" सुएओकांनी विचारलं.

"हागीचा."

"याला नाव काय?"

"शरदातला डोंगर," बाई म्हणाल्या. आवाज सरळ, पाठ सरळ.

सुएओकांनी वाडगा नाकाजवळ नेला, पुन्हा एकदा आत पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "डोंगरावर वस्ती दिसतेय."

तेव्हा शेवटच्या जागेवरून तोकिएकाकूंनी कपाळ चटईला टेकवलं.

"ती वस्ती आमचीच आहे," त्या म्हणाल्या.

सुएओकांचे खांदे आधी हलायला लागले. मग त्यांच्या शेजारच्यांचे. ह्यांनी तोंडावर रुमाल धरला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विधी शेवटपर्यंत जसाच्या तसा पुरा केला, आणि काकूंना त्या हसण्यापेक्षा त्या शांतपणाचीच जास्त धास्ती वाटली.

घरी पोचल्यावर काकूंनी किमोनोही बदलला नाही.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," काका म्हणाले.

"आणि चहाची पूड? डबा तर संपत होता."

"अंगणातल्या कॅमेलियाला घालत होतो."

"म्हणून ती वाळली का? मी खताच्या दुकानदाराशी भांडले त्यावरून."

दुसऱ्या दिवशी काकू उत्तम प्रतीच्या माशाच्या वड्या आणि कोट घातलेला नवरा, दोन्ही घेऊन माफी मागायला निघाल्या. वाडगा आमच्या भट्टीचा, म्हणून मीही गेले. कुनिहिरोबाईंनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं आणि इतका वेळ गप्प राहिल्या, की काकांनी आपल्या कोटाची बटणं आपणहून दोनदा काढून लावली.

"हिरोनाका-सान," शेवटी त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "कॉफी कुठली होती?"

"बरणीतली, बाई. साधी. पाणी ओतलं की झाली."

"दूध?"

"नाही."

"साखर?"

"नाही."

बाईंनी मान हलवली. "मी एकोणिसाव्या वर्षी या घरात सून म्हणून आले. सासूबाई चहाच्या, सासरे चहाचे. या गावात मी कॉफीच्या दुकानात शिरले तर मी बाहेर पडायच्या आत मासळीबाजारात कळेल. काल दिवसभर तो वास माझ्या नाकातून गेला नाही." मग जरा हळू आवाजात, "गुरुवारी माझा वर्ग नसतो."

काकूंना कळायला वेळ लागला. काकांना लागला नाही. "बाई, तीन वाजता या," ते म्हणाले.

तेव्हापासून दर गुरुवारी कुनिहिरोबाई हातात भाजीची पिशवी घेऊन, काकूंकडे मुळे आणायला निघाल्यासारख्या, मागच्या गल्लीत येतात. 'शरदातला डोंगर' आता तिथेच असतो. त्या माणसाने सुरुवात केली, तोच पुढे चालवेल, असं बाईंनी ठरवून टाकलं. पण काकांचं कॉफी करणं त्यांना पाहवत नाही.

"चमचा असा धरतात? फावडं आहे का ते?"

"बाई, मी चाळीस माणसांची बस बर्फातून खाली आणलेली आहे."

"मग एक चमचा न सांडता बरणीतून वाडग्यात आणा."

काका कुरकुरतात आणि आणतात. गुडघ्यांखाली मऊ उशी घेऊन ते आता दहा मिनिटं नीट बसू शकतात. मध्यंतरी सुएओकांचं यामागुचीहून एक खोकं आलं. आत नवा पांढरा वाडगा आणि चिठ्ठी, जागा असल्यास इथेही वस्ती करावी. काकांनी ती चिठ्ठी भिंतीला चिकटवली आहे.

मे महिन्यात काकूंचं रक्त पुन्हा तपासलं. लोह बऱ्यापैकी वर आलं होतं आणि डॉक्टरांनी दिवसाला एक वाडगा मंजूर केला. काकू तिथून थेट आमच्या भट्टीवर आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "मला एक द्या. कुणाच्या नावाची चिठ्ठी नसलेला."

ह्यांनी स्वतः निवडून दिला. तो आता कोणत्या रंगावर आलाय, मला माहीत नाही. ह्यांनी दोनदा जाऊन विचारलं. काकूंनी दोन्ही वेळा संत्री देऊन वाटेला लावलं.

"माझा आहे," त्या म्हणाल्या. "लोकांनी बघायला कशाला हवा?"